उपरण्याखालचा हात

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा तोंडानं उच्चारलेला नाही. हे मी जबाबदारीनं लिहितो, कारण मी स्वतः आकड्यांवर वाढलेला माणूस आहे. दोन म्हशी आणि एक सायकल एवढ्यावर मी दुधाचा धंदा सुरू केला. आज नेवासा रस्त्याला चाळीस म्हशींचा गोठा आहे. या सगळ्या वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाशी मी कशाच्या ना कशाच्या भावावरून घासाघीस केलेली आहे, आणि बहुतेक वेळा आवाज चढवून केलेली आहे. हे गृहस्थ मात्र माझ्या मुलीचे सासरे, जनावरांच्या बाजारातले जुने दलाल, दिवसभर भावाच्या धंद्यात उभे, आणि तोंडून आकडा नाही. चहा सांगायचा तरी टपरीवाल्यापुढे दोन बोटं. कुणी फोन नंबर विचारला तर मोबाईल त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "ह्यात हाय, बघून घ्या." एकदा एसटीत त्यांनी दोन तिकिटं मागायला कंडक्टरची दोन बोटं धरली आणि धरूनच ठेवली. कंडक्टर नवा होता. त्यानं हात सोडवून घेतला आणि पुढच्या थांब्यापर्यंत तो यांच्याकडे वळून वळून बघत होता.

"आकडा तोंडातनं भाईर पडला की सगळ्यांचा झाला," ते म्हणायचे. "हातातला आकडा दोघांचाच."

आमच्या शुक्रवारच्या बाजारातली जुनी पद्धत अशी, की जनावराचा भाव मोठ्यानं बोलायचा नाही. दलाल आणि विकणारा एकमेकांचा उजवा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरून भाव सांगतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. त्यापुढं शून्यं किती लावायची, ते जनावर बघून दोघांनाही कळलेलं असतं. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असतात, पण त्यांना दिसतं फक्त हलणारं कापड. भाव जमला की उपरणं बाजूला होतं, हातावर टाळी पडते आणि मग मागं फिरायचं नाही. कागद नाही, सही नाही. टाळी दिली ती दिली. या पद्धतीचे जे चार-दोन जाणकार उरले होते त्यांत आमचे व्याही पहिले. त्यांचं उपरणं तांबड्या काठाचं, ते स्वतः धुवायचे, स्वतः वाळत घालायचे. विहीणबाईंनी एकदा चुकून ते दुधाच्या किटलीला पुसायला घेतलं तर घरात दोन दिवस अबोला होता.

आमच्या मुलांच्या लग्नाची बैठक बसली तेव्हा दोन्हीकडची जाणती माणसं भांडायच्या तयारीनं आली होती. मीही आलो होतो. माणसं किती आणायची, जेवण कुणी द्यायचं, मंडप कुणाचा, यावर दुपारपर्यंत ओढाताण होणार हे ठरलेलं होतं. व्याही उठले, माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. मी एक बोट दाबलं, त्यांनी दोन दाबली, मी हात झटकला, त्यांनी परत धरला. पाच मिनिटांत वऱ्हाडाची माणसं, पंगती, मंडप, सगळं मिटलं. खर्च अर्धा-अर्धा, हे सांगायला त्यांनी माझं करंगळीचं पेर मधोमध दाबलं. टाळी पडली. जाणती माणसं तोंडं पाडून बसली. माझा चुलता तर पुढं वर्षभर म्हणत होता, "आम्हाला बोलावलं कशाला मग?"

म्हैस बघायची त्यांची रीतही जगावेगळी. बाकीचे लोक दात बघतात, कास चाचपतात, दूध काढून बघतात. हे म्हशीपुढं उकिडवे बसायचे आणि ती रवंथ करते कशी ते बघत राहायचे, अर्धा अर्धा तास. मग मालकाला पहिला प्रश्न, "हिचं नाव काय?" नाव नसेल तर उठून चालू लागायचे. ज्यानं नाव ठेवलं नाही त्यानं जीव लावला नाही, हा त्यांचा हिशेब. एका पठ्ठ्यानं ऐनवेळी ठोकून दिलं, "चंद्री." व्याही म्हशीच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "चंद्रे." म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. व्याही मालकाकडे वळून म्हणाले, "आधी हिला तरी सांगा." माझ्या चाळीसपैकी निम्म्या म्हशी त्यांनी अशा बसून निवडलेल्या आहेत, आणि त्यांतली एकही खोटी निघाली नाही. हे मी कबूल करतो. कबूल करायला मला जड जातं, ही गोष्ट वेगळी.

जड का जातं, ते आता सांगतो. माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे. ती मी कुणापुढं कधी नीट मांडलेली नाही, आणि ती मिटलेलीही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर व्याह्यांना एक नवी लकब लागली. बाजारात उभे राहिले की उजवा हात उचलून डोक्यावर ठेवायचे. फेट्यावर पंजा, कोपर बाहेर, असे तासन्‌तास. दुसरी लकब म्हणजे मान वळवणं बंद. मागून हाक मारली की सगळा माणूस पायांसकट वळायचा, डेपोत एसटी वळवतात तसा. आमच्या बाजाराला यांचं भारी कौतुक. मोठ्या दलालाचा रुबाब असाच असतो म्हणून महिन्याभरात चार नवे पोरगेले दलाल डोक्यावर हात ठेवून उभे राहायला लागले. मला मात्र ते खटकायचं. मला वाटायचं, माणसाला वय झाल्यावर गर्व चढलाय. एकदा मी म्हणालोही, "व्याहीबुवा, मान वळवायला आता माणूस ठेवायचा का?" ते नुसते हसले.

आणि मग तो शुक्रवार आला. दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदा व्यालेली एक म्हैस मला फार आवडली होती. थोराड, चकचकीत, शिंगं अशी वळलेली की बघत राहावं. नाव होतं गौरा. व्याह्यांनी हाक मारल्याबरोबर तिनं मान वर केली. माझी शेवटची उडी, म्हणजे जास्तीत जास्त किती मोजेन, ते मी त्यांच्या कानात सांगितलं. विकणारा श्रीरामपूरकडचा होता, ओळखीचा, सरळ माणूस. उपरणं पडलं. खाली बोटं चालली. मी दोन पावलं मागं उभा होतो. व्याह्यांच्या कपाळाला घाम आलेला मला दिसला, पण ऊनही होतं. टाळी पडली. विकणाऱ्यानं भाव उघड केला आणि व्याह्यांनी त्यांना कळलेला भाव माझ्याकडे बघून बोटांनी दाखवला. दोघांत एका बोटाचा फरक होता. एक बोट म्हणजे त्या दिवशी एका गाभण शेळीची किंमत, आणि माझ्या शेवटच्या उडीच्या वर.

"दोन बोटं धरली मी," विकणारा म्हणाला. "ह्यांनी टाळी दिली."

मी व्याह्यांकडे बघितलं. मला वाटलं आता ते भांडतील, छातीवर हात ठेवून सांगतील. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "त्ये म्हनत्यात त्येच खरं. टाळी दिली मी."

माझं डोकं फिरलं. तिथं, भर बाजारात, शेदोनशे माणसांपुढं, मी माझ्या मुलीच्या सासऱ्याला अरे-तुरे केलं. "दोन्हीकडून खातोस व्हय रे? एवढी वर्षं असाच खात आलास का?" असं म्हणालो. त्याहून वाईटही बोललो. ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी उजवा हात उचलला, डोक्यावर ठेवला आणि उभे राहिले. त्या हाताचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. म्हैस मी घेतली, कारण टाळी दिली ती दिली. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

दोन महिन्यांनी माझ्या मुलीचा फोन आला. तिच्या बोलण्यात नेहमी आधी म्हशींची चौकशी असते. त्या दिवशी ती सरळ तिच्या सासऱ्यांवर, नानांवर आली.

"अण्णा, उद्या गाडी घेऊन या. नानांना नगरला दाखवायचंय. ह्यांची सुप्याला कंपनीत शिफ्ट आहे, सुट्टी मिळेना."

"रिक्षा नाही का तुमच्या गावात?"

"अण्णा, त्यांच्या हातातून कप पडतो. सदऱ्याची बटणं आई लावतात. सकाळी अंगणात उभे राहून रडत होते, मला बघितलं तर म्हणाले डोळ्यात चिलट गेलं." मग ती थांबली. "तुमचं भांडण राहू द्या चार दिवस बाजूला. नंतर परत उचला."

ही मुलगी माझीच आहे. मी गाडी काढली.

नगरपर्यंत ते पुढच्या सीटवर, हात डोक्यावर. खड्डा आला की डोळे मिटायचे. मला तेवढंच दिसत होतं, आणि मी तेवढं बघूनही रागावलेलाच होतो. आधी एका ठिकाणी मानेचा एमआरआय झाला. आत जाताना त्यांनी उपरणं काढून द्यायला नकार दिला. शेवटी ते माझ्या हातात ठेवलं, आणि मग आत गेले. मी ते मांडीवर घेऊन पाऊण तास बसलो होतो. दुसऱ्या कुणाच्या हातात ते मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथून मणक्याच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, आवाज बसका आणि घाई अजिबात नाही. त्यांनी विचारलं, "आजोबा, दुखणं एक ते दहामध्ये किती आहे?"

व्याह्यांनी टेबलावरून बाईंचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. मी उठायला लागलो, समजावून सांगायला. बाईंनी डाव्या हातानं मला बसा म्हणून खूण केली. कापड दोनदा हललं.

"पाच आणि पाच," बाई म्हणाल्या. "दहा?"

"बाई, मोठ्यानं न्हाई बोलायचं," व्याही दचकून म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. असं करू, आता मी बोटं धरते. किती धरली ते तुम्ही डाव्या हातानं दाखवा. बोलू नका."

उपरणं तसंच होतं. बाईंनी खाली काहीतरी धरलं. व्याह्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. बाईंनी परत धरलं. परत एक. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि कापड बाजूला केलं. त्यांच्या मुठीत व्याह्यांची दोन बोटं होती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. मधलं बोट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की पेर पांढरं पडलं होतं. व्याह्यांना ते कळत नव्हतं.

मला आठवतं, मी त्या खोलीतल्या भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे बघत राहिलो. खाली बघायची हिंमत नव्हती.

बाईंनी एमआरआयची फिल्म लावून समजावलं. मानेच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते, ती फुटून तिचा तुकडा बाहेर आला होता आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबून बसला होता. म्हणून हात दुखतो, म्हणून बोट बधिर. हात डोक्यावर ठेवला की नसेवरचा ताण थोडा सैल होतो, म्हणून त्यांना तसं बरं वाटतं. मग त्या म्हणाल्या, "गोळ्या आणि व्यायाम यांची वेळ गेली. हाताची ताकद कमी होत चालली आहे. ऑपरेशन करून तो तुकडा काढायला हवा." मानेच्या मागून बोटाच्या पेराएवढा छेद घ्यायचा, त्यातून एक बारीक नळी आत न्यायची आणि दुर्बिणीनं बघत तो तुकडा उचलायचा. मणके जोडायचे नाहीत, स्क्रू नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी.

माझ्या अंगातला व्यापारी अशा वेळीही गप्प बसत नाही. खर्च ऐकून मी म्हणालो, "मॅडम, भोक एवढं बारीक, मग भाव एवढा जाड कसा?"

"आमच्याकडे मोठं भोकही आहे," बाई म्हणाल्या. "ते स्वस्त पडेल. ते करू का?"

मी पेन काढून बारीक भोकाचाच आकडा लिहून घेतला.

पण व्याही ऑपरेशनला तयार होईनात. "बघू," म्हणाले आणि उठले. परत येताना घोडेगावच्या अलीकडं मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासनं."

"मग त्या दिवशी बाजारात का नाही सांगितलं? मी एवढं बोललो, एवढ्या लोकांत! एक शब्द बोलायचा होता. हात मेलाय म्हणायचं होतं!"

ते समोरच्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत होते. मग म्हणाले, "आन मग त्या बाजारात माझा हात कोन धरनार हुतं, पाव्हणं?"

मी गाडी बंद केली.

"तुमी चोर म्हनला. म्हनू द्या. चोराकडं मानसं फिरून येत्यात, त्येला भाव कळतो म्हनून येत्यात. मेल्या हाताकडं कोन येतं? आन आता हास्पिटलात पडलो की सगळ्या बाजाराला कळनार, का पडला म्हनून. त्यापरीस हाय ते बरं हाय."

"बरं काय आहे? उशीर झाला तर हात जाईल म्हणाल्या त्या!"

"आवाज खाली करा. मान दुखती."

"आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या त्याचं काय?"

"त्ये तुमचं तुमी बघा. पन बाजारात चकार शब्द काढायचा न्हाई. शप्पत घ्या."

हीच ती माझी तक्रार. माझ्या हातून अपराध घडला होता आणि तो फेडायची वाट त्यांनी बंद करून टाकली होती. मी चारचौघांत त्यांचा चोर म्हणून अपमान केला होता. तो धुवायचा तर खरं कारण सांगायला हवं, आणि खरं कारण सांगितलं तर त्यांचा धंदा उठतो. एरवी मी कुणाचं देणं अंगावर ठेवत नाही. इथं त्यांनी मला ते फेडूच दिलं नाही. मी शपथ घेतली, चिडून गाडी चालू केली आणि गिअर असा टाकला की ते कळवळले. त्याचीही माफी मागायची राहिली.

त्यांना ऑपरेशनला तयार केलं ते शेवटी मीच, आणि खोटं बोलून. आठवडाभर विचार करून मी जाऊन सांगितलं, "बाजाराला कळणार नाही. तुम्ही माझ्यासाठी म्हशी बघायला हरियाणाला चाललाय. मी सगळ्यांना तसं सांगतो." त्यांनी बराच वेळ रवंथ करणाऱ्या म्हशीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग मान न वळवता म्हणाले, "चालंल."

पुढच्या शुक्रवारी मी बाजारात तसं सांगून टाकलं. पंचाईत अशी झाली की लोकांना ते फारच खरं वाटलं. "आमच्यासाठी पण एक आणायला सांगा," म्हणून तिघं माझ्या मागं लागले. एकानं तर शिंगं कशी हवीत तेही सांगून ठेवलं.

ऑपरेशन सकाळी होतं. आत नेण्यापूर्वी बाई आल्या. व्याह्यांनी त्यांना जवळ बोलावलं, त्यांचा हात धरला, उपरणं टाकलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, पण बाई म्हणाल्या, "आजोबा, हा आकडा मी धरू शकत नाही. दुखणं थांबेल, ताकद बरीच येईल. बोटातली जाणीव किती परत येईल ते मला माहीत नाही. उशीर झालाय. मी उगाच जास्त बोटं धरली तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल." व्याह्यांनी हात सोडला. मला वाटलं आता उठून चालू लागतील. ते म्हणाले, "बाई सरळ हायत. करा." आणि उपरणं घडी करून माझ्याकडे दिलं.

दीड तास लागला. मी बाहेर उभा होतो, माझी मुलगी बाकावर विहीणबाईंचा हात धरून बसली होती. त्या दीड तासात मी कुणाशी भांडलो नाही, हे माझ्या मुलीनं नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

दुपारी ते शुद्धीवर आले. बाईंनी हात उचलायला सांगितला. त्यांनी उचलला, खाली आणला, परत उचलला. दिवाळीपासून पहिल्यांदा तो हात डोक्यावर न जाता नुसता खाली, अंथरुणावर, शांत पडून राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि या वेळी त्यांनी चिलटाचं नाव घेतलं नाही. बाईंनी एका बाटलीत तो काढलेला तुकडा दाखवला. खरवसाच्या कडेचा निघावा तसा, पांढरा, नखाएवढा. व्याह्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"येवढ्याशानं?" ते म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांना घरी आणलं आणि तीन आठवड्यांनी बाजारात. मानेवरची पट्टी उपरण्यानं झाकलेली. म्हैस एकही नाही. "पसंत न्हाई पडली," एवढंच ते सगळ्यांना सांगत होते. शिंगांची ऑर्डर दिलेला गृहस्थ फार नाराज झाला.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली. कडब्याच्या गाडीजवळ सगळे दलाल-व्यापारी जमलेले असताना मी मोठ्यानं म्हणालो, "गौराच्या सौद्यात चूक माझी होती. भाव मीच एक बोट कमी सांगितला होता. यांनी बरोबर टाळी दिली. मी उगाच बोललो." शपथ मोडली नाही. त्यांचा हात मी त्यात कुठंच आणला नाही. पण ज्या बाजारात मी आकडा विसरत नाही म्हणून माझा दरारा होता, तिथं सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एक म्हातारा व्यापारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हतं असं, शेठ. वय झालं." तेव्हापासून तिथं लोक मला भाव दोनदा सांगतात. सावकाश. काही जण तर कागदावर लिहून देतात.

घरी जाताना व्याही गाडीत म्हणाले, "पाव्हणं, तुमाला खोटं बोलाया येत न्हाई. समद्यांनी ऐकून घेतलं त्ये तुमच्या रागाला भिऊन."

"मग पुन्हा जाऊन खरं सांगू?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या." थोड्या वेळानं म्हणाले, "बरं केलं."

दुखणं गेलं ते गेलंच. पुढच्या दोन-तीन महिन्यांत हातात ताकद आली. कप पडेना, बटणं लागायला लागली, म्हशीचं दावं ओढता यायला लागलं. मधलं बोट तेवढं राहिलं. मी दर शुक्रवारी विचारायचो, "बोट?" ते म्हणायचे, "येतंय." मी आयुष्यभर लोकांचं बोलणं तोलत आलोय. माणूस केव्हा भाव चढवून सांगतो, ते मला आवाजावरून कळतं. ते बाजारात उभे राहायचे, पण ओळखीच्याच माणसाचा सौदा घ्यायचे, आणि टाळी देण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. पूर्वी कधी बघत नसत. नवी पोरं आता मोबाईलवर आकडा टाईप करून एकमेकांना स्क्रीन दाखवतात. एक दिवस एक अनोळखी शेतकरी हात पुढं करून उभा राहिला. व्याह्यांनी त्याला दुसऱ्या दलालाकडे पाठवलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. "ऊन लई," म्हणून निरोप आला. मग कधी पाहुणे, कधी पेरणी.

हे सगळं लिहावं असं माझ्या फार दिवस मनात होतं. पण मी शपथ घेतलेली. म्हणून परवा मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. अंगणात बसले होते. मी म्हणालो, "व्याहीबुवा, तुमच्यावर लिहायचंय. सगळं. हाताचंही." मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. मला पुरं माहीत होतं ते काय म्हणणार: बाजारात अजून माझा हात चालायचाय, चकार शब्द काढायचा न्हाई. त्यावर मी काय म्हणायचं, तेही ठरवून गेलो होतो. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी नाहीच म्हणावं असं मला मनातून वाटत होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान आता छान वळते.

"लिवा की," ते म्हणाले. "आता काय हाय त्यात. कुठं बाजारात हात धराया जायाचंय?"

एवढ्या वर्षांत त्यांच्याशी माझा एकही सौदा इतका लवकर मिटला नव्हता.